बुजवलेली खूण

१

एक होतं दुकान. दुकानाला होता एक मिस्त्री, मिस्त्रीला होती एक म्हातारी आई आणि मिस्त्रीच्या हाताशी होती त्याची बायको. मिस्त्री मोडकी वाद्यं जोडायचा, बायको त्यांना पॉलिश करायची, आणि आई मागच्या खोलीत पलंगावर पडून दोघांच्या चुका काढायची. ती बायको म्हणजे मी. मिस्त्री म्हणजे आमचे हे. आता नात समोर बसून लिहून घेते आहे, कारण मला अक्षर येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुकान अरुंद. रस्त्याच्या अंगाला काच, काचेमागे विकायची वाद्यं, मध्ये लांब बाक, आणि मागे दोन पायऱ्या चढलं की आमचं घर. दिवसभर सरस शिजल्याचा आणि लाखेच्या पॉलिशचा वास. बाहेरचा माणूस आत आला की नाक मुरडायचा. मला मात्र तो वास आला नाही तर आपण परक्या घरी आलो असं वाटायचं.

त्या वर्षी ह्यांचे कान गेले. एकदम नाही गेले. पाहुणा निघतो निघतो म्हणत तासभर बसतो आणि आपलं लक्ष नसताना निघून जातो, तसे गेले. आधी जाड तारेची घुमणी गेली, मग दारावरची थाप, मग माझा आवाज. पातळ तार सगळ्यांत शेवटी गेली. वाद्यांच्या मिस्त्रीचे कान जाणं म्हणजे सोनाराचे डोळे जाणं. कळलं तर कोण येणार दुकानात? म्हणून आम्ही एक युक्ती काढली. गिऱ्हाईकासमोर हे तार पिळायला बसले की मी गिऱ्हाईकाच्या पाठीमागे उभी राहायची. सूर चढला की पॉलिशचं फडकं उजव्या खांद्यावर, उतरला की डाव्या. नेमका लागला की फडकं कमरेला खोचायचं. सात महिने आम्ही असं दुकान चालवलं आणि कुणाला संशय आला नाही.

घरात मात्र फडक्यानं भागत नव्हतं. भाजी अळणी आहे हे हातानं सांगता येतं. "तुमच्याशी बोलून किती दिवस झाले हो," हे समोर जेवत बसलेल्या माणसाला कुठल्या हातानं सांगायचं? शिकलेली बायको असती तर पाटीवर लिहिलं असतं. ह्यांना वाचता यायचं, मला लिहिता यायचं नाही. मुलगी तेव्हा परगावी शिकत होती, ती असती तर तिच्या हातून काम झालं असतं. सासूबाईंचं अक्षरांशी माझ्याइतकंच वाकडं. एका घरात तिघं, आणि बोलणं फक्त एका बाजूनं.

आणि ते बोलणं तरी कसं! स्वतःचं स्वतःला ऐकू येईना, म्हणून हे ओरडून बोलायचे. पाणी मागितलं तरी आग लागल्यासारखं. समोरच्या शिंप्यानं मला एकदा हळूच विचारलं, "वहिनी, घरात सगळं ठीक ना? फार भांडणं ऐकू येतात." एक दिवस ह्यांनीच विचारलं, "मी ओरडतो का गं?" आणि तेही असं विचारलं, की शिंप्याच्या बोटात सुई गेली असेल. ह्यांचा चेहरा मात्र लहान पोरासारखा झाला होता. मी मान हलवली. नाही म्हटलं. खरं सांगायला खूण होती, पण मला धीर नव्हता.

२

बंद पडलेल्या घरांतलं सामान काढणारा एक गाडीवाला होता. तो एक दिवस चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. उघडलं तर गिटार.

"कुठली?" मी विचारलं.

"घरातली."

"कुणाच्या?"

"आता कुणाच्याच नाही," म्हणाला, आणि आम्ही देऊ ते घेऊन गेला. एरवी तो अर्धा तास घासाघीस करायचा. त्या दिवशी चादरही परत मागितली नाही.

ह्यांनी ती बाकावर ठेवली आणि चारी बाजूंनी फिरले. ती सासूबाईंहून जुनी होती. पोट फुटलेलं, तारांखालची घोडी उखडलेली, मान बाकदार झालेली. पण लाकूड असं, की बोट ठेवलं तर उचलावंसं वाटू नये. पिकल्या चिंचेसारखा रंग. गिटार मांडीवर घेतली की छातीजवळ येते ती वरची कड, तिच्यावर खाचा होत्या. बारीक बारीक, ओळीनं, कडेच्या दोन्ही अंगांना.

"उंदीर!" हे ओरडले.

मी बोट फिरवलं. उंदराचं कुरतडणं खरखरीत असतं. ह्या खाचा गुळगुळीत होत्या, वर्षानुवर्षं पाय पडून देवडीचा दगड झिजतो तशा. पण मी तरी काय म्हणणार? आणि कुणाला? मान डोलावली.

तीन महिने काम चाललं. ह्यांनी पोट उघडलं, आतल्या कुजत आलेल्या पट्ट्या काढून नव्या बसवल्या. एक पट्टी टोकाला कुजली होती, बाकी धड होती. ती बाकाच्या खणात ठेवली, कारण आमच्या ह्यांनी आयुष्यात लाकूड फेकलं नाही. वीतभराची, हातात मावेल अशी. मान सरळ केली, घोडी नवीन कोरली. शेवटी बारीक भुसा सरसात कालवून कडेवरच्या खाचा भरल्या, काचकागदानं घासून सपाट केल्या, आणि गिटार माझ्या ताब्यात दिली.

मी नऊ दिवस पॉलिश केलं. कापसावर मलमल गुंडाळलेला बोळा, लाख आणि थेंबभर तेल. गोल गोल हात, थांबायचं नाही, थांबलं की डाग. आमच्या दुकानाची रीतच होती, वस्तू नव्यासारखी दिसली पाहिजे, आधी कुणी हात लावला होता असं वाटताच कामा नये. मला त्याचा गर्व होता. दहाव्या दिवशी त्या कडेत बघून मी केस विंचरले असते.

हे माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पॉलिशवाले, ही चांगली बोलली आणि चांगल्या माणसानं नेली, तर मी अजून मिस्त्री. नाहीतर दुकानाला कुलूप. आता फडक्याचा खेळ पुरे."

हे सगळं ओरडून म्हणाले. मागच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "अरे, कुलूप लावायचं ते लाव, पण आधी माझा चहा कर म्हणावं तिला."

३

पहिला आला तो हॉटेलात वाजवणारा. हात तयारीचा. त्यानं गिटार मांडीवर घेतली, माझं फडकं उजवीकडे डावीकडे करत सूर जुळवून झाले, आणि त्यानं पहिली तार छेडली.

आवाज आला नाही असं नाही. आला, पण तोंडात बोळा कोंबलेल्या माणसासारखा. आतून काहीतरी म्हणायचंय आणि ओठ उघडत नाहीत. त्यानं सहाही तारा छेडल्या. ह्यांचं काम मी तीस वर्षं ऐकलंय. इतकं चांगलं लाकूड, इतकी चांगली घोडी, असा आवाज येऊच शकत नाही.

हे त्याच्या तोंडाकडे बघत होते. माणसाच्या तोंडावर आवाज वाचायला शिकले होते बिचारे. त्यानं गिटार हळूच बाकावर ठेवली. "दिसायला फार सुंदर आहे हो," म्हणाला. मुलगी पसंत नसली की लोक म्हणतात तसं.

तो गेल्यावर हे आपल्या हातांकडे बघत बसले. मी काय सांगणार, की तुमचे हात बरोबर आहेत, दुसरंच काहीतरी आहे? मी गिटार उचलली, बोटांचे डाग पुसायला. आणि बघते तर वरच्या कडेवर पॉलिश मंद झालेलं. रुपयाएवढी जागा. आरशावर कुणी तोंड नेऊन उच्छ्वास टाकावा तशी. पुसली, गेली. दुसऱ्या दिवशी दुपारचं आवरून आले, तर परत. तिसऱ्या दिवशी त्या मंद जागेत बोट फिरवलं, आणि बोटाला लागलं.

खाचा. बारीक बारीक, ओळीनं.

भर आत बसली असेल, मी म्हटलं. ओला सरस सुकला की आकसतो. पण सरस आकसला तर खड्डा पडतो, ओळ नाही पडत. मी पुन्हा भरलं, पुन्हा घासलं, पुन्हा पॉलिश केलं. ह्यांना सांगितलं नाही. आधीच खचलेल्या माणसाला आणखी एक चूक कशाला दाखवा?

चार दिवसांनी पुन्हा ओळ.

४

"आज माझ्या लेकाचा हात चांगला लागला होता," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांची उशी झटकत होते. "कधी?"

"आत्ता दुपारी. हळू वाजवत होता. किती वर्षांनी ऐकलं."

हे दुपारी तारा आणायला बाजारात गेले होते. दुकानाला बाहेरून कडी होती. मी पुढच्या पायरीवर बसून शिंप्याच्या बायकोशी बोलत होते. दुकानात कुणी नव्हतं.

"तुम्हाला स्वप्न पडलं असेल."

"दात गेलेत माझे, कान नाही," सासूबाई म्हणाल्या. "बहिरा तो आहे, मी नाही."

आता मी अडाणी असले तरी खुळी नव्हते. खूण पडते तर ती पाडणारा कुणी असणार, आणि दाराला कडी असेल तर तो घरातलाच असणार. ह्यांच्या खणात मेण असायचं. मी त्याच्या तीन वड्या केल्या, एक स्वतः चावली. दुसरी ह्यांच्यासमोर धरली आणि चावायची खूण केली. हे माझ्याकडे असे बघत राहिले, की बायकोचंही गेलं आता. पण चावली. तिसरी घेऊन मी मागे सासूबाईंकडे गेले.

"माझ्या हिरड्यांवर आळ घेतेस?" सासूबाई कडाडल्या. "उद्या म्हणशील, रात्री उठून मी टेबल खाल्लं!" पण मजा वाटली त्यांना. चावली आणि खो खो हसल्या. मेणावर नुसता चपटा दाब उठला.

मग मी एकटीनं गिटारची कड आणि मेणाच्या वड्या काचेजवळ उजेडात धरून पाहिल्या. माझे दात लहान. ह्यांचे रुंद, एक तिरका. कडेवरची ओळ दोघांचीही नव्हती. त्या ओळीत मधोमध एक जागा रिकामी होती. पुढचा एक दात नसलेल्या माणसाची ती ओळ होती.

मी वड्या वितळवून टाकल्या. का ते सांगता येणार नाही. आपण कुणाची तरी झडती घेतली आणि त्याला ते कळलंय, असं वाटलं.

५

मग आले वकीलसाहेब. जुन्या वाद्यांचे शौकीन, घरात भिंतभर टांगलेली, वाजवायची एकही नाही. त्यांना आवाजाशी देणंघेणं नव्हतं. माझं फडकं नेहमीसारखं खांदे बदलत होतं, तर मागे वळून म्हणाले, "वहिनी, मान अवघडली असेल तर शेकून घ्या."

गिटार त्यांना आवडली. फक्त कडेवर अंगठा फिरवून थांबले. "हे काय? कुत्र्यानं चावलंय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं खाचा केव्हाच बुजल्या. त्या एका नजरेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढं नीट करा," वकीलसाहेब म्हणाले, "गुरुवारी येऊन घेऊन जातो. माझ्या भिंतीवर डाग चालत नाही."

माणूस चांगला होता, भिंतही चांगली असेल. ह्यांनी त्याच दिवशी स्वतः भर घातली, कडक, दाबून. वर मी पॉलिश चढवलं. आणि ठरवलं, गुरुवारपर्यंत हिच्यावरून नजर काढायची नाही.

सोमवारी दुपारी हे झोपलेले, सासूबाई घोरत होत्या, आणि मी गिटार समोर ठेवून भाजी निवडत बसले. रस्त्यावर ऊन. शिंप्याचं यंत्र चालू, थांबे, चालू. गिटार गिटारसारखी पडून होती. मी स्वतःलाच हसले. शेंगा सोलायला मान खाली घातली, एक शेंग, दोन शेंगा, आणि आवाज आला. बारीक. कपाच्या काठाला दात लागतो ना, तेवढाच.

मान वर केली. गिटार तशीच. पण कडेवर रुपयाएवढी धूसर जागा होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत लहान होत होती. कुणीतरी श्वास टाकून आता घेत होतं.

मला ओरडायचं होतं. पण ओरडून उपयोग काय? ज्याला ऐकू जावं त्याला ऐकू येत नव्हतं. मी परात मांडीवर घेऊन तशीच बसले. आणि खरं सांगते, भीती वाटली त्याच्या आधी एक वेगळीच गोष्ट वाटली. शेजारी कुणी रडत असलं आणि आपल्याला कारण माहीत नसलं की वाटतं तसं. आम्ही काहीतरी पुन्हा पुन्हा बुजवत होतो, आणि कुणीतरी पुन्हा पुन्हा तेच सांगत होतं. चिडून नाही, धीरानं. न लिहिता येणाऱ्या बाईला ते ओळखीचं वाटलं.

६

बुधवार आमचा सुट्टीचा दिवस. दुपारचे तीन वाजले असतील. मी मागे भांडी घासत होते, आणि मला गिटार ऐकू आली.

बोळा कोंबलेली नव्हे. मोकळी. एकच तार, थांबून थांबून. हळू बोलणाऱ्या माणसासारखी. हात पुसत मी दोन पायऱ्या उतरले आणि दुसऱ्या पायरीवरच थांबले.

हे बाकावर बसले होते. गिटार मांडीवर. कडेवरची ओळ परत उठली असणार, म्हणून ती भरायला बसले असावेत, कारण सरसाची वाटी शेजारी होती. पण भरत नव्हते. मान खाली वाकवून त्यांनी त्या खाचांमध्ये आपले दात टेकले होते. तान्हं मूल खांदा धरतं तसे, हलके. डोळे मिटलेले, गालावरून पाणी वाहत होतं.

तार वाजली. मी त्यांचा डावा हात पाहिला, त्यानं मान धरली होती. उजवा हात पाहिला. त्या हातात सरसाचा कुंचला होता, गुडघ्यावर ठेवलेला.

तार पुन्हा वाजली.

आणि कडेच्या पलीकडच्या अंगाला, ह्यांच्या तोंडासमोर, चकचकीत पॉलिशवर एक धूसर जागा येत होती आणि जात होती. ह्यांचा श्वास एका लयीत, ती जागा दुसऱ्या लयीत. दोन माणसं एकाच घोंगडीखाली झोपली की कसे दोन श्वास वेगळे ओळखू येतात, तसे. त्याहून जास्त मी काही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सांगितलं असतं.

ह्यांनी डोळे उघडले. मला पाहिलं. "ऐकू येतंय," ओरडले. "अगं, दातांतून येतंय! डोक्याच्या आत! घुमणीसकट!"

मी पायरीवर खिळलेली.

"ये ना. इथे ये. तिकडून हनुवटी टेक आणि बोल काहीतरी. बोल गं!"

तिकडून म्हणजे ती धूसर जागा होती तिथे. येत होती, जात होती. मनात आलं, उंदीर असेल. वारा असेल. वाफ असेल सरसाची, गरम वाटी शेजारी आहे, वाफ धरणारच. माणसाची अक्कल अशा वेळी वकिलासारखी वागते, जे सांगाल ते सिद्ध करून देते. पण सरस थंड होऊन त्याच्यावर साय धरली होती, ते मला पायरीवरून दिसत होतं.

समोर सात महिन्यांनी ऐकायला बसलेला माझा नवरा. आणि मध्ये जे कुणी होतं ते.

"थोडं सरका हो," मी म्हटलं. ह्यांना नाही. ह्यांना ऐकू येतच नव्हतं.

धूसर जागा पुसट झाली. मी वाकले, डोळे घट्ट मिटले आणि कडेवर हनुवटी टेकली. लाकूड कोमट होतं. ओलसर होतं. आत्ताच कुणी डोकं उचलून गेल्यावर उशी असते तसं.

किती काय काय साठवलं होतं सांगायचं. मुलीचं, सासूबाईंचं, माझ्या मनातलं. आणि तोंडातून काय निघालं?

"अहो, किती ओरडता तुम्ही. हळू बोला ना."

ह्यांचे डोळे मोठे झाले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण हसत होते, दात न काढता, नाकातून. त्यांचं हसू लाकडातून माझ्या हनुवटीत शिरलं. आणि मग हे बोलले, सात महिन्यांत ऐकला नव्हता अशा आवाजात, जवळच्या माणसाशी बोलतात तशा.

"बरं, पॉलिशवाले."

मागच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "काय रे? आज भांडण संपलं वाटतं?"

७

गुरुवारी वकीलसाहेब आले. कड बघून कपाळाला आठी घातली. हे म्हणाले, "साहेब, खूण बुजवणार नाही. ती तिथेच पाहिजे." वकीलसाहेब म्हणाले, मग राहू द्या. गेले.

आमची काहीच तक्रार नव्हती. आता विकायचीच कुणाला होती? चार दिवस आम्ही दोघं गिटारला दोन बाजूंनी हनुवट्या लावून पोटभर बोललो. मी बोलायला बसण्याआधी मात्र दरवेळी म्हणायची, "थोडं सरका हो." ह्यांनी कधी विचारलं नाही कुणाला म्हणतेस. त्यांना ते लाकडातून कळत असावं. ज्याचे ते दात, त्यालाही कधीकाळी असंच ऐकावं लागत असणार.

पाचव्या दिवशी एक बाई आल्या. दोन गल्ल्या पलीकडे बहिऱ्या मुलांची शाळा होती, तिथल्या शिक्षिका. त्यांनी दारातूनच विचारलं, "ती गिटार विकायची आहे का?"

"तुम्हाला कशी ठाऊक?" मी म्हटलं.

"बुधवारी जाताना काचेतून पाहिलं. तुम्ही तिघं तिला तोंड लावून बसला होता. आमची मुलं टेबलाला कान लावतात, तसं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही."

बुधवारी सासूबाई पलंगावरून उठल्या नव्हत्या. दोन आणि एक किती, हे मोजायला शाळा लागत नाही. पण मी विचारलं नाही, तिसरं कसं दिसत होतं. त्या बाई साध्या मनानं बोलल्या होत्या, त्यांच्या मनात मी भीती का घालू?

त्यांनी गिटार मांडीवर घेतली. तार छेडली, तोच कोंडलेला आवाज. मग त्यांच्या बोटाला खाचा लागल्या. कुणी न सांगता त्यांनी जबडा तिथे टेकला आणि पुन्हा तार छेडली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ह्यांनी तो वाचला आणि आपल्या हातांकडे पाहिलं. मिस्त्री परत मिस्त्री झालेला मी त्या घडीला पाहिला.

"ही खूण कृपा करून बुजवू नका," बाई म्हणाल्या. "मुलांना कुठे टेकायचं ते हीच दाखवेल. वीस मुलं आहेत माझ्याकडे."

आता आली का पंचाईत! गिटार गेली की माझं बोलणं गेलं. मी फडकं हातात पिळत उभी राहिले. चार दिवसांपूर्वी मिळालेला माणूस पुन्हा मुकाट्यानं गमवायचा? नाही म्हणायला तोंड उघडलं, तर मागून सासूबाई, "एका कानासाठी वीस कान अडवणार का गं?" म्हातारीचे कान म्हणजे!

मी बाईंना थांबायला सांगितलं, वाकून कडेवर हनुवटी टेकली आणि ह्यांना सगळं सांगितलं. वीस मुलं. सासूबाई काय म्हणाल्या ते. मला काय वाटतंय तेही, लपवलं नाही.

ह्यांनी कडेवरून तोंड उचललं. मग उठले, बाकाचा खण उघडला आणि खालून ती पट्टी काढली. गिटारच्या पोटातली, जुनी, वीतभराची. कुजलं टोक करवतीनं उडवलं. एक टोक आपल्या दातांत धरलं, दुसरं माझ्यापुढे केलं.

बाईंसमोर! मला लाज वाटली. पण धरलं दातांत, आणि जीव खाऊन म्हटलं, "ऐकू येतंय का?"

"येतंय," हे हळूच म्हणाले. "ओरडू नकोस."

८

गिटार त्या दिवशीच गेली. न्यायला निघाल्या तेव्हा मी बाईंना दारात अडवलं आणि कडेवरून एकदा कोरडं फडकं फिरवलं. पॉलिशसाठी नाही. लेक निघाली की तिच्या तोंडावरून हात फिरवतात, तसं. कड कोमट होती. "मुलांना सांभाळा हो," मी हळूच म्हटलं. बाईंना वाटलं त्यांनाच म्हणाले. "सांभाळीन हं," म्हणाल्या.

पुढे त्या येऊन सांगायच्या. मुलं रांग लावतात. एक पोरगी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं हसली. गिटारचा आवाज आताशा मोकळा झालाय, वर्गाबाहेर ऐकू येतो. वीस पोरांचे दात लागून कड भरून गेली, पण मधली ती ओळ कुणात मिसळत नाही, वेगळी ओळखू येते, म्हणायच्या.

आमच्या ह्यांना मग फडक्याची गरज राहिली नाही. पट्टीचं एक टोक दातांत, दुसरं वाद्यावर, आणि सूर असा लावायचे की कानवाल्यांनी शिकावं. लपवायचंही काही उरलं नाही. दातांनी ऐकणारा मिस्त्री म्हणून लोक लांबून यायला लागले. हॉटेलात वाजवणारा आला, वकीलसाहेब आले, भिंतीवरची सगळी काढून जोडायला घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, मान बरी दिसते आता." मुलगी शिकून आली, तिनं दुकान रुंद केलं. आणि आमच्या दुकानाची रीत बदलली. मोडलेलं जोडायचं, फुटलेलं सांधायचं, पण कुणाच्या हाताची, गालाची, दातांची खूण असेल तर तिच्यावरून नुसतं पॉलिश फिरवायचं. बुजवायची नाही.

पट्टी अजून आहे. जेवण झालं की आम्ही दोघं ती दोन टोकांनी धरायचो आणि दिवसभराचं बोलायचो. ह्यांच्या टोकाला ह्यांचे रुंद दात, माझ्या टोकाला माझे लहान. आणि मधोमध, जिथे दोघांचंही तोंड पोचत नाही, तिथे एक बारीक ओळ आहे, एका दाताची जागा रिकामी सोडून. कधी उमटली ते आम्ही पाहिलं नाही. तिघांचं बोलणं होतं, एवढंच.

सासूबाई पिकून गेल्या, हेही गेले, पण घर मुकं कधी झालं नाही. जसं आमचं ऐकलं गेलं, तसं तुमचंही कुणीतरी ऐको.